परळचा रविवार



केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ५ जून १९९२ रोजी काढलेलं एक पत्र आहे. निवासी डॉक्टरांची योजना देशभर एकसारखी असावी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली सांगितलं होतं, त्यानंतर ते निघालं. निवासी डॉक्टरानं सलग बारा तासांपेक्षा जास्त काम सहसा करू नये, आठवड्याचे तास साधारण ४८ असावेत आणि पाळीपाळीनं आठवड्याची सुट्टी मिळावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. या सभागृहात तीन पिढ्यांचे निवासी डॉक्टर बसले आहेत. शस्त्रक्रिया, मेडिसिन, बालरोग, प्रसूती या विभागांत ४८ तासांचा आठवडा अनुभवलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. तिथं बुधवारपर्यंतच ४८ तास भरतात.

आमच्या सरांच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मी हा विषय मागून घेतला. सर मेडिसिनचे प्राध्यापक. सकाळचा राउंड सुरू करण्याआधी ते रात्रभर जागलेल्या मुलाकडे बघून विचारायचे, "जेवलास का?" तो गप्प राहिला की राउंड थांबायचा, कॅन्टीनमधून काहीतरी यायचं, मगच पहिली खाट. त्या काळी आम्हाला तो त्यांच्या स्वभावाचा मोठेपणा वाटे. आज मला वाटतं, जेवण्याइतकी साधी गोष्ट प्राध्यापकाच्या स्वभावावर अवलंबून असावी, हीच त्या व्यवस्थेची अडचण होती. आजही आहे.

कामानं माणूस करपून जातो त्याला हल्ली सर्रास ‘बर्नआउट’ म्हणतात. आयटी कंपन्यांत, बँकांत, लेखापालांच्या कार्यालयांत, शाळांत, पोलीस ठाण्यांत त्यावर बोललं जातं. मी मात्र माझ्या ओळखीच्या जागेवरून बोलेन, म्हणजे सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांतल्या वॉर्डातून. माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस करपतो तेव्हा दोष त्याच्या मनात शोधू नका. कामाची मांडणी तपासा, कारण ती माणसांनी केलेली असते आणि माणसांना बदलता येते.

ऑगस्ट महिना घ्या. मुंबईत पाऊस मुरला की मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसनं मेडिसिनचे वॉर्ड भरतात. युनिटची इमर्जन्सी सकाळी आठला लागते. संध्याकाळपर्यंत खाटा संपतात, मग दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पडतात, त्यानंतर व्हरांड्यात. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, ज्याला आमच्या वेळी हाउसमन म्हणत, प्रत्येक नव्या रुग्णाची हकिगत विचारतो, तपासतो, केसपेपर लिहितो, सलाईन लावतो, रक्त काढतो, बाटल्यांवर नावं घालतो. इथवर डॉक्टरकी झाली. पण मामा, म्हणजे वॉर्डबॉय, दुसऱ्या वॉर्डात गेलेले असतात, म्हणून ती सँपल घेऊन प्रयोगशाळेत तोच जातो. रिपोर्ट संगणकावर चढलेला नसतो, म्हणून तासाभरानं पुन्हा तोच जातो. प्लेटलेटचा फॉर्म घेऊन रक्तपेढीत उभा राहतो. सीटी स्कॅनसाठी ट्रॉलीला एका बाजूनं नातेवाईक आणि दुसऱ्या बाजूनं तो. वर येतो तो सिस्टर तिघांची नावं सांगतात: याचं बीपी पडलंय, त्याला पुन्हा थंडी वाजतेय, दारापाशी एक नवीन आलाय. रात्री तीनच्या सुमारास कुणाचा तरी बाप बाही धरून विचारतो, "डॉक्टरसाहेब, माझ्या पोराचं कसं आहे?" आणि त्याचं पोर कोणतं, हे डॉक्टरला पटकन आठवत नाही.

सकाळी आठला इमर्जन्सी दुसऱ्या युनिटकडे जाते. हाउसमनचं काम सुटत नाही. राउंड येतो आणि रात्री दाखल झालेल्या एकूणएक रुग्णाचे आकडे त्याला तोंडपाठ लागतात. एखादा क्रिएटिनिन सांगायचा राहिला तर सगळ्यांसमोर बोलणी बसतात. राउंडमध्ये सांगितलेल्या तपासण्या, डिस्चार्ज कार्डं, मृत्यूचे दाखले, दुपारची ओपीडी हे सगळं उरकून तो खोलीवर पोचतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते. बत्तीस-चौतीस तास होऊन जातात. हा आठवड्यातला एकच दिवस असतो असंही नाही.

या जागरणाचं शरीरावर काय होतं, ते मोजलं गेलेलं आहे. ऑस्ट्रेलियातले संशोधक ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये छापलेला प्रयोग साधा होता. माणसाला जागं ठेवायचं आणि डोळ्या-हाताचा मेळ तपासायचा. मग त्याच चाचण्या दारू पाजून घ्यायच्या. सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी उतरली होती, आणि चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला आली. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे मोटार वाहन कायदा ज्याला स्टिअरिंगला हात लावू देणार नाही, त्याच्या हाती आपण सकाळी नऊला मानेच्या शिरेत घालायची सुई देतो.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात हेच प्रत्यक्ष अतिदक्षता विभागात पाहिलं गेलं. ख्रिस्तोफर लँड्रिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. जुन्या, लांबलचक पाळ्यांत काम करणाऱ्या इंटर्न डॉक्टरांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. पुढच्याच वर्षी त्याच गटानं दाखवलं की चोवीस तासांच्या वरची पाळी करून घरी निघालेल्या इंटर्नच्या गाडीला अपघात होण्याची शक्यता दुपटीहून अधिक असते. ही मुलं आळशी नव्हती की निष्काळजी. त्यांना झोप मिळाली नव्हती, एवढंच.

झोपेचं कर्ज मात्र चार दिवसांच्या रजेत फिटू शकतं. करपणं तसं फिटत नाही, आणि ते वेगळं ओळखायला शिकलं पाहिजे. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात संध्याकाळी काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली त्यावर पहिला निबंध लिहिला. तिथले स्वयंसेवक मनापासून आलेले, विनामोबदला राबणारे होते, आणि तेच काही महिन्यांत रिते होताना त्यांना दिसले. पुढे बर्कलीच्या क्रिस्टीना मास्लॅक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ साली ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यातून तीन लक्षणं पुढे आली. पहिला थकवा, जो विश्रांतीनं जात नाही. दुसरं, ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांपासून मन तुटणं. आणि आपल्या हातून काही बरं होतच नाही, ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात हीच तीन लक्षणं घेतली आणि एक गोष्ट स्पष्ट केली: हा वैद्यकीय आजार नाही, नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी ही कामाशी निगडित घटना आहे. एवढ्या मोठ्या संस्थेनं रुग्णाकडे बोट न दाखवता कामाच्या जागेकडे बोट दाखवलं, हे फार महत्त्वाचं आहे.

यातलं दुसरं लक्षण मला सगळ्यांत भयंकर वाटतं. वॉर्डात ते कसं दिसतं? रुग्णाचं नाव जातं आणि ‘अठरा नंबर’ उरतो. नातेवाइकानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की आवाज चढतो. माझ्या युनिटमधली एक मुलगी, अत्यंत हुशार आणि रुग्णांची लाडकी, एकदा राउंडनंतर थांबली. म्हणाली, "सर, काल रात्री ती आजी गेली ना, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. एक खाट मोकळी झाली, एवढंच मनात आलं. घरी आईला फोन केला आणि आईशीसुद्धा तशीच बोलले. मी अशी नव्हते हो, सर." ती खरंच तशी नव्हती. दीड वर्षापूर्वी तिच्या हातून पहिला रुग्ण गेला तेव्हा जिन्यात बसून रडलेली मी तिला पाहिली होती. त्या दीड वर्षात तिच्या स्वभावात खोट आली नव्हती. साठ रुग्णांच्या वॉर्डात साठ जणांसाठी हळवं राहणं कुणाच्याच कुडीला झेपत नाही, म्हणून मन दार लावून घेतं. अडचण ही की ते दार मग घरच्यांसाठीही उघडत नाही.

याच्या मुळाशी एक दुखणं आहे, ज्याबद्दल आपण फार कमी बोलतो. काय केलं पाहिजे हे डॉक्टरला माहीत असतं आणि ते करता येत नाही. अतिदक्षता विभागात एकच खाट शिल्लक असते आणि दारात तिघे. औषध बाहेरून आणायला सांगावं लागतं आणि समोरच्याच्या खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे असतात. बाजूला बसून दहा मिनिटं समजावून सांगितलं तर ती बाई मधुमेहाच्या गोळ्या नीट घेईल हे ठाऊक असतं, पण ओपीडीत एका रुग्णाला तीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांनी विवेकाला होणाऱ्या अशा इजेबद्दल लिहिलं होतं. अमेरिकेतल्या वेंडी डीन आणि सायमन टॅल्बट यांनी २०१८ साली ती कल्पना डॉक्टरांना लावली. मला ते पूर्ण पटतं. खूप काम केल्यानं माणूस दमतो. रोज आपल्याच मनाविरुद्ध अर्धवट काम करावं लागल्यानं तो आतून मोडतो. आणि परिचारिका तर हे निवासी डॉक्टरापेक्षा जास्त सोसतात, कारण डॉक्टर तीन वर्षांनी वॉर्ड सोडतो, सिस्टर तीस वर्षं तिथंच असतात. लिंडा एकन यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा केलेला २००२चा अभ्यास प्रसिद्ध आहे. एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिकेच्या करपण्याची २३ टक्क्यांनी. दोन्ही आकडे एकाच कारणातून निघतात. डॉक्टर-परिचारिकांचं हित एका पारड्यात आणि रुग्णाचं दुसऱ्या पारड्यात घालून वाद घालणाऱ्यांनी ते शेजारीशेजारी ठेवून वाचावेत.

आता आमच्या पिढीचा आवडता युक्तिवाद. "आम्ही नाही केलं? आम्ही घडलो की याच्यातूनच." मीही ज्येष्ठांकडून ते ऐकत मोठा झालो. ही पद्धत आली कुठून, ते मुद्दाम सांगतो. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली सुरू झालं. तिथं विल्यम ऑस्लर आणि विल्यम हाल्स्टेड यांनी आधुनिक निवासी प्रशिक्षणाचा पाया घातला. निवासी डॉक्टरानं रुग्णालयातच राहावं, लग्न करू नये, अष्टौप्रहर वॉर्डासाठी हजर असावं अशी अपेक्षा होती. हाल्स्टेड थोर शल्यविशारद होते, यात शंका नाही. पण कोकेनचा भूल देण्यासाठी उपयोग होतो का हे स्वतःवर तपासताना १८८४च्या सुमारास त्यांना त्याचं व्यसन लागलं, ते सोडवताना मॉर्फिनचं लागलं, आणि ते दीर्घकाळ टिकलं, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवलं आहे. ज्या सहनशक्तीला आपण शिस्तीचा आदर्श म्हणून सव्वाशे वर्षं पुजलं, तिच्या उगमापाशी एक आजारी माणूस उभा आहे. शिवाय त्या काळच्या वॉर्डात व्हेंटिलेटर नव्हते, डायलिसिस नव्हतं, रात्री दोनला येणारे पन्नास रिपोर्ट नव्हते. रुग्ण आठवडेच्या आठवडे पडून असत आणि निवासी डॉक्टर त्यांच्या सोबतीला. तेव्हाचे तास आणि आताचे तास घड्याळात सारखे असले तरी त्यांच्यात भरलेलं काम सारखं नाही.

अमेरिकेत हे बदलायला सुरुवात झाली ती लिबी झायन या अठरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर. मार्च १९८४मध्ये ती न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात ताप आणि अस्वस्थता घेऊन दाखल झाली आणि काही तासांत गेली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर प्रदीर्घ पाळीत होते आणि त्यांच्याकडे इतरही अनेक रुग्ण होते. तिचे वडील सिडनी झायन पत्रकार होते, त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. बेल समिती नेमली गेली, १९८९ साली न्यूयॉर्क राज्यानं आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि २००३ साली ती देशभर लागू झाली. युरोपनं त्याहून पुढे जाऊन ४८ तास ठरवले. रुग्णालयात हजर राहून झोपलेले तासही कामाचेच तास आहेत, असं युरोपीय न्यायालयानं २००० आणि २००३च्या निकालांत सांगितलं. ब्रिटनमधले कनिष्ठ डॉक्टर २००९पासून त्या मर्यादेत काम करतात आणि ब्रिटनमध्ये शल्यविशारद घडायचे थांबलेले नाहीत.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडतो. तास कमी केले की सगळं आपोआप सुधारतं, असं पुराव्यातून दिसत नाही. अमेरिकेत शस्त्रक्रिया आणि मेडिसिनच्या विभागांत दोन मोठे अभ्यास झाले. एका गटाला पाळीच्या लांबीवर कडक मर्यादा, दुसऱ्याला सैल. रुग्णांच्या मृत्यूंत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आमच्याकडचे काही ज्येष्ठ हे अभ्यास हातात घेऊन फिरतात. पण त्यांतल्या दोन्ही गटांना आठवड्याची ८० तासांची मर्यादा होतीच, ही ओळ ते वाचत नाहीत. तरीही एक आक्षेप खरा आहे: पाळी बदलताना रुग्णाची माहिती गळते. त्यावर उपायही सापडला आहे. रुग्णाची अवस्था, काय करायचं राहिलं आहे, काय बिघडू शकतं, हे ठरलेल्या क्रमानं सांगायचं आणि घेणाऱ्यानं ते उलट म्हणून दाखवायचं, अशी हस्तांतराची शिस्त अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत लावली गेली. २०१४ साली तिचे निष्कर्ष आले. चुका २३ टक्क्यांनी घटल्या, टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी. आपल्याकडे संध्याकाळी आठला हस्तांतर कसं होतं? जिन्यात, चालता चालता. "अठरा नंबरकडे लक्ष ठेव रे." त्या अर्ध्या वाक्याला आपण रुग्णाच्या हिताचं सातत्य म्हणतो.

आता परळविषयी, कारण कामाच्या तासांची आणि सुट्टीची ही मागणी इथं नवी नाही. मुंबईतली केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं जिथं उभी आहेत तो सगळा परिसर गिरणगावाचा. याच परळला नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या काय होत्या? दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर, कामावर इजा झाली तर भरपाई. लोखंडे ‘दीनबंधू’चे संपादक होते, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले. गिरणीत काम अंगावर पडतच नाही, कामगार अधूनमधून बाहेर जाऊन बसतातच, मग वेगळी सुट्टी कशाला, असं त्यांना ऐकवलं जाई. हुबेहूब हेच वाक्य मी निवासी डॉक्टरांबद्दल बैठकांत ऐकलं आहे. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायकाही त्या सभेत बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेले.

गिरण्या बंद पडल्या, चिमण्या पाडल्या गेल्या, तिथं मनोरे उभे राहिले. त्याच भूमीवर आज पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलं-मुली काम करतात ज्यांना १८९०चा रविवार अजून मिळालेला नाही. का मिळाला नाही? कारण कायद्याच्या नजरेत ते धड कामगार नाहीत. कारखाने कायद्यानं १९४८ सालीच ४८ तासांची मर्यादा घातली, ती यांना लागू होत नाही, कारण रुग्णालय कारखाना नाही, आणि हे तर विद्यार्थी. परीक्षा, प्रबंध, विभागप्रमुखाची सही हे सगळं विद्यार्थ्याचं. पण हे विद्यार्थी एक दिवस संपावर गेले की रुग्णालय ठप्प होतं. महाराष्ट्रात ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रत्येक संपात आपण ते पाहिलेलं आहे. ज्यांच्या गैरहजेरीनं काम थांबतं ते कामगार असतात. ज्याच्या सहीची आपल्या पदवीसाठी गरज आहे त्याच्याकडे सुट्टी मागायची वेळ कामगारावर येते, ही यांच्यावरची दुहेरी सक्ती आहे. तक्रार करावी तर परीक्षेत काय होईल ही भीती. ती भीती काल्पनिक आहे, असं या सभागृहातल्या कुठल्याही विभागप्रमुखानं छातीवर हात ठेवून म्हणावं.

डॉक्टरीबाहेरच्या क्षेत्रांबद्दल थोडंच बोलतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून काढलेला अंदाज असा की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या मानानं, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त असतो आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्के. त्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. पुण्यातल्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईनं कंपनीला लिहिलेलं पत्र २०२४ साली देशभर वाचलं गेलं. त्यानंतर बऱ्याच कार्यालयांनी काय केलं? ताणमुक्तीची शिबिरं घेतली, ध्यानाची ॲपं वाटली. ध्यान, योगासनं, प्राणायाम यांना माझा विरोध नाही. मी स्वतः रोज करतो. पण ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ साली दाखवलं की अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेतलेल्यांची मनःस्थिती न घेतलेल्यांपेक्षा चांगली नव्हती. एका रुग्णालयात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. निवासी डॉक्टरांसाठी ताणव्यवस्थापनाची कार्यशाळा ठेवली होती, हजेरी सक्तीची, वेळ दुपारी दोन ते चार, आणि पुढच्या तीन रांगांतली मुलं आदल्या सकाळपासून झोपलेली नव्हती. बोलावलेले मानसोपचारतज्ज्ञ समंजस होते. त्यांनी दिवे मालवायला सांगितलं आणि दोन तास मुलांना झोपू दिलं. त्या वर्षीचं सर्वांत उपयुक्त व्याख्यान ते होतं.

९ ऑगस्ट २०२४ची कोलकात्याची घटना मी इथं फक्त एका कारणानं काढतो. आर. जी. कर रुग्णालयातली ती निवासी डॉक्टर ३६ तासांच्या पाळीत होती आणि रात्री विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती. तिच्यावर झालेला अत्याचार आणि तिची हत्या हा भीषण गुन्हा आहे, त्याची जबाबदारी गुन्हेगारावरच. पण छत्तीस तास काम करणाऱ्या स्त्रीला आतून कडी लागेल अशी खोली आपण देत नाही, ही गोष्ट त्या रात्रीपुरती नव्हती. आपल्या राज्यातली किती तरी रुग्णालयं माझ्या डोळ्यांसमोर आहेत जिथं मुली तपासणीच्या टेबलावर पाठ टेकतात. त्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानंही या तासांना अमानवी म्हटलं. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलानं वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांची प्रश्नावली भरली, आणि त्यांतल्या सुमारे ३१ टक्क्यांनी मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं लिहिलं. आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एक दिवस सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप, अशी शिफारस कृतिदलानं केली. ७४ हा आकडा मला पटत नाही. १९९२च्या ४८ तासांच्या तो दीडपटीहून जास्त आहे. पण तोही खाली उतरवायचा तर आधी तास मोजायला लागतील, आणि आज ते कुणी मोजत नाही. हजेरीपटावर सही असते, वेळ नसते.

म्हणून आज इथं जे अधिष्ठाता आणि महापालिकेचे अधिकारी बसले आहेत, त्यांच्याकडे मी अगदी व्यवहाराचं मागतो. नव्या डॉक्टरांच्या जागा वाढायला वेळ लागेल, मला माहीत आहे. पण पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टराच्या रात्रीतला मोठा भाग सँपल पोचवणं, रिपोर्ट आणणं, फॉर्म नेणं, ट्रॉली ढकलणं यात जातो. त्यासाठी एमबीबीएस लागत नाही. प्रत्येक वॉर्डाला रात्रपाळीचा एक लिपिक, एक रक्त काढणारा तंत्रज्ञ आणि ट्रॉलीसाठी दोन मामा द्या.  हस्तांतराचा अर्धा तास ड्यूटीत धरा आणि त्या वेळी प्राध्यापकानं हजर राहावं असा नियम करा. कामाचे तास निवासी डॉक्टरानं स्वतः नोंदवावेत आणि ती नोंद विभागप्रमुखाच्या हातून न जाता थेट अधिष्ठात्यांकडे जावी. मुलींसाठी आणि मुलांसाठी वॉर्डाच्या मजल्यावरच कडीची खोली हवी.

निवासी मित्रांनो, तुमच्यातल्या कुणाला झोप येईनाशी झाली असेल, सकाळी वॉर्डाचा जिना चढावासा वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करा. मराठीत बोलता येतं. माझ्याकडे या, दार वाजवायचीही गरज नाही. आणि सहकाऱ्याला बोलतं करा. "ठीक आहेस ना?" असं विचारलं की माणूस हो म्हणून पुढे जातो. "काल किती झोपलास?" असं विचारा, त्याचं खरं उत्तर मिळतं.

शेवटची मागणी रजेची. आज एक निवासी डॉक्टर तापानं आडवा झाला की त्याचं काम उरलेल्या दोघांच्या डोक्यावर पडतं. म्हणून तापातही तो सलाईन लावून वॉर्डात उभा राहतो, मित्रांवर भार नको म्हणून. सुट्टी घेणारा अपराधी ठरतो आणि देणारा उपकारकर्ता. परिचारिकांची पदसंख्या ठरवताना रजेसाठी राखीव पदं धरण्याचा नियम आहे. तो पुरता पाळला जात नाही, तरी कागदावर निदान आहे. निवासी डॉक्टरांसाठी तो कागदावरही नाही. प्रत्येक मोठ्या विभागात रजेसाठी राखीव पदं मंजूर करा, आणि हे पदव्युत्तर प्रवेशाची पुढची तुकडी रुजू होण्याच्या आत करा. तो प्रस्ताव लिहायला कुणी तयार असेल तर उद्यापासून मी त्याच्याबरोबर बसायला तयार आहे.